बाबांच्या पेटीतली पत्रं : "साडेतीन टक्के परत आले" म्हणजे काय?

पऱ्हाटीचं वावर (दारव्हा)

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब आहे, पण अर्धवट सांगितलं तर कोणाला काही लागायचं नाही म्हणून सगळंच लिहितो.

माझे बाबा तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे, सोबत घरची सात एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. २०१२ च्या एप्रिलमध्ये ते गेले. यंदा पावसाळ्याआधी घरावरचे कवेलू उतरवून टिना टाकल्या तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली, आईला वाटलं जुने सातबारे आणि सोसायटीच्या पावत्या असतील, तर निघाली पत्रं. निळी इनलँड, पिवळी पोस्टकार्डं, आणि बाबांनी स्वतः पाठवलेल्या पत्रांच्या कार्बन कॉप्या, जांभळ्या अक्षरातल्या, घडीवर गंजाचे डाग पडलेल्या. एका घडीत तर सरकीला चिकटलेला कापूस निघाला, नमुना म्हणून ठेवला असावा कारण त्या पत्रात सगळा विषय धाग्याच्या लांबीचाच आहे.

पत्रं कोणाशी, तर बाबांचे एक मित्र, अमरावतीला होस्टेलात दोघं एका खोलीत होते, ते पुढे नागपूरला अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. मी त्यांना काकाच म्हणतो. १९८६ पासून २०१२ पर्यंतची एकूण ६३ पत्रं आहेत आणि घरची खुशाली पहिल्या दोन ओळीत संपते, मग सुरू होते देशाच्या आर्थिक धोरणावरची भांडाभांडी. दिल्लीत बजेट झालं की आठ दिवसात इकडून पत्र आणि पंधरा दिवसात तिकडून उत्तर.

१९९१ च्या ऑगस्टमधलं बाबांचं पत्र आठ पानी आहे. जुलैमध्ये रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या बँकांकडे गहाण गेलं, २४ जुलैच्या बजेटात खताचे भाव वाढवले, ते सगळं त्यात आहे. बाबांनी लिहिलंय, "सोनं गहाण ठेवल्याची मला लाज वाटत नाही, आपल्या गावात दर जूनमध्ये बायकांची पोत सोसायटी नाहीतर सावकाराकडे जातेच. भीती आहे ती सोडवताना कोणाचं वावर जाणार याची."

त्यावर काकांचं उत्तर, "तिजोरीत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं होतं, अशा वेळी माणूस दुसरं काय करतो सांग. आणि रुपया उतरला म्हणून तू रडू नको. रुपया उतरला की बाहेरच्या गिऱ्हाइकाला तुझा कापूस स्वस्त पडतो, म्हणजे तुझ्या हातात जास्त रुपये यायला पाहिजेत. येत नसतील तर दार कोण लावून धरतंय ते पाहा." तेव्हा कापसाची निर्यात कोट्याने व्हायची, किती गाठी बाहेर जाऊ द्यायच्या ते दिल्ली ठरवायची, त्यावरून ते बोलतायत हे मला पुढच्या पत्रांवरून समजलं.

बाबांचा उलटा मुद्दा कायम एकच. दार उघडं असलं की काय होतं ते वऱ्हाडाने १८६१ ते १८६५ मध्ये पाहिलंय. अमेरिकेत यादवी युद्ध लागलं, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, मग आपल्या ऊमरा कापसाला सोन्याचा भाव. मुंबईच्या बाजारात आपल्या कापसाला ऊमराच म्हणायचे, उमरावतीवरून. आणि युद्ध संपल्याबरोबर भाव धाडकन खाली, मुंबईत शेअरबाजार बुडाला, आणि गावात मागे राहिलं ते ज्वारीच्या जागी पेरलेलं कापसाचं वावर आणि सावकाराचं खातं.

आता खरा प्रश्न. शेवटचं पत्र बाबांचं आहे, ९ मार्च २०१२ तारीख, इनलँडवर लिहिलंय, पत्ता घातलाय, डिंक लावून चिकटवलेलं नाही, म्हणजे पोस्टात टाकलंच नाही. त्यात एवढंच :

"गड्या, साडेतीन टक्के परत आले. फक्त या खेपेला मँचेस्टरहून नाही आले. तू ज्याला दार म्हणायचास ते मला काल दिसलं. सविस्तर लिहितो, आज हात चालत नाही."

हे साडेतीन टक्के काय आहेत? मागे शोधलं तर १९९३ च्या काकांच्या पत्रात एक ओळ सापडली, "तुझे साडेतीन टक्के मला मान्य, पण ते गिरणीचं दुखणं होतं, कास्तकाराचं नव्हे." याच्या आधीचं बाबांचं पत्र गहाळ आहे. काका आहेत, ८१ वर्षांचे, ऐकू कमी येतं, फोनवर हा विषय नीट होत नाही. मी स्वतः बीएस्सी अॅग्री, इतिहास दहावीपर्यंतच. कोणाला माहीत असेल तर सांगा, आणि तुमच्या मते दोघात कोणाचं बरोबर होतं तेही सांगा, मला ते मनापासून समजून घ्यायचं आहे.

जुनं जिन

भाऊ, पत्रं वाचून मन भरून आलं. मी तीस वर्षं जिनात, म्हंजे कापसातून सरकी काढाच्या कारखान्यात काढले, आता घरीच रायतो. मले वाटते हे साडेतीन टक्के म्हंजे एकाधिकारातली कपात असन. तुमी तवा लहान असान म्हनून सांगतो. १९७२ च्या हंगामापासून आपल्या राज्यात कापूस सरकारी केंद्रावरच द्या लागे, खाजगी व्यापाऱ्याले इकता येत नव्हता, राज्याबाहेर नेता येत नव्हता. चुकाऱ्यातून, म्हंजे कापसाच्या पैशातून, भांडवल निधी म्हनून कापून घेत, मले तीन टक्के आठवते, तुमच्या बाबाले साडेतीन पडले असन.

अन् त्या दाराचं म्हनान तं ते दार मी पाह्यलं हाय. केंद्रावर बैलबंड्याची रांग पार नाल्यापर्यंत, दोन दोन रात्री बंडीखाली झोपलो, बैलाले कडबा घरून नेलेला तो बी संपे. मंग ग्रेडर येऊन मूठभर कापूस उचले, धागा दोन बोटात ओढून पाहे, अन् त्याच्या तोंडातून निंघन तो तुमचा ग्रेड. चुकारा एकदम भेटेच नाई, हप्त्यानं भेटे. पन एक सांगतो, त्या पैशावर भरोसा होता. बाजारात भाव पडो का काही होवो, सरकारनं सांगितलेला भाव भेटे, अन् चांगल्या साली वरून बोनस. त्या बोनसात माह्या दोन बहिणीचे लग्न झाले.

अन् ज्या साली पैनगंगेच्या पल्याड आदिलाबादले भाव जास्त असे त्या साली रातच्या रात कापूस तिकडे जाये. नाके लावले होते तरी जाये. कास्तकाराले स्वतःचाच माल चोरासारखा न्या लागे, हे मले तवा बी पटत नव्हतं. पन मंग शेवटच्या काही सालात उलटं झालं, तिकडचा कापूस इकडच्या केंद्रावर येऊन राह्यला होता. दोन्ही गोष्टी डोयानं पाह्यल्या म्हनून एका कोनाच्या बाजूनं बोलाले जीभ वळत नाई.

अकोटची मास्तरीण

बाळा, तुझ्या बाबांची ओळ वाचली आणि लगेच समजलं, मी पण बत्तीस वर्षं हेच शिकवलं. जुनं जिन भाऊंनी सांगितलेली कपात खरी आहे, पण ती तीन टक्क्यांची. साडेतीन टक्के म्हणजे १८९६.

झालं असं की ब्रिटिश सरकारला खजिन्यात पैसा कमी पडत होता म्हणून १८९४ मध्ये बाहेरून येणाऱ्या मालावर पाच टक्के आयात कर बसवला. आधी त्यातून कापड वगळलं होतं, वर्षअखेर कापडावरही लावला. लँकेशायरचे गिरणीमालक खवळले, म्हणाले हिंदुस्थानातल्या गिरण्यांना याच्यातून संरक्षण मिळतंय. तेव्हा त्यांच्या समाधानासाठी १८९६ मध्ये कापडावरचा आयात कर साडेतीन टक्के केला आणि बरोबर तेवढाच, साडेतीन टक्के, उत्पादन कर इथल्या गिरणीत विणलेल्या कापडावर बसवला. म्हणजे बाहेरच्या मालावर जो बोजा तोच घरच्या मालावर. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती, आपल्या भागातला कापूस घ्यायची, तिच्या कापडावरही हा कर. पुढे तीस वर्षं हिंदी पुढारी याच्याविरुद्ध बोलत राहिले, १९२५ च्या डिसेंबरात तो स्थगित झाला आणि १९२६ मध्ये रद्द. आमच्या पिढीतल्या इतिहासाच्या शिक्षकांना साडेतीन टक्के म्हटलं की पुढे काही सांगावं लागायचं नाही, दुसऱ्याच्या गिरणीसाठी आपल्या घरावर लावलेला कर असा त्याचा अर्थ.

आता २०१२ चं बघ. ५ मार्च २०१२ ला केंद्र सरकारने कापसाच्या निर्यातीवर एकाएकी बंदी घातली. गुजरातपासून आपल्यापर्यंत ओरड झाली, आठवडाभरात बंदी सैल करावी लागली, पण तोपर्यंत बाजार बसला. तुझ्या बाबांनी पत्र लिहिलं ९ मार्चला. चौथ्या दिवशी. मँचेस्टर म्हणजे लँकेशायरच्या गिरण्यांचं गाव, "मँचेस्टरहून नाही आले" याचा अर्थ त्यामुळे सरळ आहे, देशातल्याच गिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून आपल्याच सरकारने ते केलं.

मला या ओळीत त्यांचा फार मोठा मोठेपणा दिसतो. आयुष्यभर त्यांनी साडेतीन टक्के परकीय सत्तेविरुद्धचा पुरावा म्हणून वापरले असणार, काकांनी १९९३ मध्ये बरोबर बोट ठेवलं की ते गिरणीचं दुखणं होतं, आणि शेवटी बाबांनी स्वतःचाच पुरावा उलटा करून पाहिला. १८९६ मध्ये जी गिरणी अन्याय सोसत होती तिच्याच जातकुळीसाठी २०१२ मध्ये कास्तकाराचं दार बंद झालं. इतिहासाच्या माणसाला स्वतःचा लाडका दाखला असा सोडून देणं किती जड जातं ते मला माहीत आहे.

आणि असा पत्रव्यवहार ही आपल्याकडची जुनी रीत आहे हेही तुला सांगते. १९०० साली रमेशचंद्र दत्त यांनी व्हाइसरॉय कर्झनला उघडी पत्रं लिहिली होती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन भयंकर दुष्काळ पडले होते, आपल्या वऱ्हाडातही. दत्तांचं म्हणणं, पाऊस कमी पडला हे खरं, पण शेतसारा इतका जास्त की रयतेच्या घरात एका वर्षाचाही साठा राहिला नाही म्हणून माणसं मेली. सरकारला १९०२ मध्ये त्याचं ठरावाच्या रूपात लांबलचक उत्तर द्यावं लागलं, त्यात अर्थातच सगळा दोष पावसावर. तुझ्या बाबा-काकांची भांडणं त्याच ओळीतली आहेत, ती नीट जप.

आर्वीचा कास्तकार

मॅडमनी एवढं छान उलगडलं, त्यांना नमस्कार. मी काकांच्या बाजूने बोलतो, कारण माझी सगळी तरुणाई शेतकरी संघटनेच्या बिल्ल्यात गेली आणि हा मुद्दा आम्ही गावोगाव सांगत फिरलो.

तुमच्या पत्रांमध्ये कुठेतरी उणे सबसिडी हा शब्द नक्की असेल, १९९४ च्या आसपास, जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावाच्या वेळी बघा. आमचे नेते शरद जोशी हेच सांगायचे. सरळ भाषेत असं की जगाच्या बाजारात शंभराला जाणारा माल निर्यात अडवून मला घरात ऐंशीला विकायला लावला तर वीस रुपये माझ्या खिशातून कोणाला तरी गेले, ती सबसिडी मी दिली, मला मिळाली नाही. हे आमचं भाषणातलं म्हणणं नव्हतं, भारताने जागतिक व्यापार संघटनेला १९८६ ते ८८ या काळाचा जो हिशोब दिला त्यातच बहुतेक पिकांची मदत उणे दाखवलेली आहे. म्हणजे सरकारच्या कागदावर कबुली आहे की कास्तकाराला दिलं कमी आणि घेतलं जास्त.

आणि हे थांबलं का, तर नाही थांबलं. २०१२ सोडा. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजाराच्या वर गेला, कित्येक वर्षांनी कास्तकाराच्या घरात पैसा दिसला, तर १४ एप्रिल २०२२ ला बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ. २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं, कापड निर्यात अडचणीत आली हे मान्य, पण १९ ऑगस्टला परत शुल्क माफ, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. ऑगस्ट ते डिसेंबर म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे, बोंडं फुटायच्या आधीपासून ते दुसऱ्या-तिसऱ्या वेचणीपर्यंत, लहान कास्तकाराचा सगळा माल याच काळात बाहेर पडतो, त्याला घरात ठेवायला जागा नसते आणि उधारीवाला दारात बसलेला असतो. भाव पडला की म्हणतात बाजार आहे, आणि चढला की बाजारात हात घालतात. काका बरोबर होते असं माझं ठाम मत आहे.

अकोटची मास्तरीण

आर्वीचे भाऊ, तुमचं दुःख समजतं आणि २०२२ चं उदाहरण बिनतोड आहे, पण दार उघडल्यावर पलीकडे कोण उभं आहे तेही बघायला पाहिजे. २००१-०२ मध्ये जगातच कापसाचा भाव मातीमोल झाला होता आणि त्याच वेळी अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरमसाट अनुदान देत होती. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि जिंकला, आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली हे चार गरीब देश २००३ मध्ये हेच गाऱ्हाणं घेऊन उभे राहिले. आपला एकाधिकार मोडला तो नेमका २००२ मध्ये. म्हणजे छप्पर काढलं ते भर पावसात. बाबांची १८६५ ची भीती या एका वर्षापुरती तरी खरी ठरली असं म्हणावं लागेल.

वेचणी

मी वाशिम जिल्ह्यातली, आठ एकर आहे, मालक गेल्यावर मीच करते. मोठमोठं मला कळत नाही पण तुमच्या बाबांची सात एकर वाचली म्हणून लिहिते. २००८ च्या कर्जमाफीत त्यांचं काय झालं ते पत्रात आहे का? कारण आमचं झालं ते मी विसरू शकत नाही. माफी दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकर. आमचं आठ एकर म्हणून आम्ही मोठे कास्तकार ठरलो, पूर्ण माफी नाही, बाकीचं भरलं तर पंचवीस टक्के सूट. भरायला असतं तर कर्ज थकलं असतं का? ओलिताच्या पाच एकरवाल्याचं सगळं माफ झालं आणि आमच्या पावसाच्या भरवशावरच्या आठ एकरावर बोजा तसाच राहिला. त्या वर्षी मालक बँकेतून आले आणि जेवले नाही, एवढंच म्हणाले की आपण श्रीमंत आहो म्हणे.

आणि २०२५ चं. हमीभाव लांब धाग्याचा ८,११० होता, पण सरकारी केंद्रावर द्यायचा तर आधी मोबाइलवर कपास किसान अॅपमध्ये नोंद, त्यात सातबारा, पीकपेरा, आधार. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की माल परत. ऑक्टोबरात पाऊस झाला, कापूस ओला, अंगणात ताडपत्रीवर पसरून तीन दिवस उलटापालटा केला, सुनेने आणि मी. शेवटी लेकराच्या फीसाठी चार क्विंटल गावात आलेल्या व्यापाऱ्यालाच दिला, हमीभावाच्या खाली, वरून क्विंटलमागे कट्टी, म्हणजे कपात. हमीभाव कागदावर आहे पण माझ्या अंगणापर्यंत येता येता तो कमी होतो, याच्यावर तुमच्या काकांनी काही लिहिलं असेल तर सांगा.

पऱ्हाटीचं वावर (दारव्हा)

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "हो, साडेतीन टक्के साडेतीन टक्के करत फिरायचे ते, मला वाटायचं व्याजाचं काही असेल."

वेचणी ताई, तुमचं वाचून रात्री परत पेटी उघडली. २००८ ची दोन पत्रं आहेत. बाबांचं मार्चमधलं, बजेट ऐकल्यावर लगेचचं : "एकर मोजले, पाऊस मोजला नाही. साखर कारखान्याच्या भागातले पाच एकर आणि दारव्ह्याचे सात एकर एका काट्यात कसे तोलले रे तुम्ही लोकांनी?" आमचं पण तुमच्यासारखंच झालं होतं ताई, सात एकर म्हणून माफीत बसलोच नाही. आणि काकांचं उत्तर, त्यांच्या सगळ्या पत्रात हे सगळ्यात छोटं, पोस्टकार्डावर : "या वेळी मी तुझ्याशी भांडणार नाही. देशाची सरासरी काढणं हे माझं काम, आणि सरासरीत तू कुठेच नाहीस हे मला आकडे माहीत असून दिसलं नाही. घरी किती बोजा आहे ते कळव. लाजू नको." किती कळवला, काका काही पाठवत होते का, ते पत्रात नाही. आईला विचारलं तर ती विषय बदलते.

आर्वीचे भाऊ, उणे सबसिडी शब्द सापडला, नोव्हेंबर १९९४ च्या पत्रात आहे, तुम्ही सांगितलं तसंच गणित, फक्त त्यांनी शंभर-ऐंशीच्या जागी खंडीचे (कापसाच्या व्यापारातलं वजनाचं माप) भाव घातलेत.

आणखी एक राहिलं. १९९२ मध्ये ऑगस्टला स्फुरद आणि पालाश खतांवरचं भावनियंत्रण सरकारने काढलं आणि युरियावरचं ठेवलं, त्यावर बाबांनी लिहिलंय, "आता बघ, सगळे युरियाच टाकतील, पीक हिरवंगार दिसेल आणि जमीन उपाशी राहील." काकांनी मान्य केलं होतं की दोन्हीवर एकदम निर्णय व्हायला पाहिजे होता. मी कृषीचा विद्यार्थी, माती परीक्षणाचे रिपोर्ट रोज बघतो. २०२५ मध्ये युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपी या स्फुरदाच्या खताची ५० किलोची १,३५० ला, कास्तकार कोणती उचलणार ते सांगायला नको. १९९२ चं कार्बन कॉपीतलं वाक्य माझ्या वावरात उभं आहे हे पाहून अंगावर काटा आला.

पुसद वाचनालय

पत्रांबद्दल महत्त्वाचं, म्हणून मध्येच लिहितो. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, दोन्हीने कागद कायमचा खराब होतो. गंजलेल्या टाचण्या आधी काढा, ओढून नाही, हळू सोडवून. कार्बनची अक्षरं उन्हाने उडतात म्हणून मोबाइलवर फोटो काढताना सावलीत, खिडकीजवळ, फ्लॅश बंद. मग तारखेप्रमाणे लावून साध्या कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत दमट होतं. तो सरकीचा कापूस वेगळा ठेवा, कीड लागते. आणि पेटी परत माळ्यावर टाकू नका, टिनाखाली उन्हाळ्यात भट्टी होते.

जुनं जिन

भाऊ, काकाले जाऊन भेटा. फोनवर नका बसू. ते न टाकलेलं पत्र त्याइच्या नावानं हाय, त्याइलेच द्या. एक्याऐंशी वर्षाचा मानूस हाय, उद्या परवा करू नका.

अन् मॅडमनं सांगितलं ते समजलं मले. मी तीन टक्क्याचं सांगून घोटाळा केला, माफ करा.

पऱ्हाटीचं वावर (दारव्हा)

भाऊ, माफी कसली, तुमच्यामुळेच मला एकाधिकाराची पत्रं नीट कळली, ग्रेडरचं नाव काढून बाबा काय लिहितात ते आता समजतंय. रविवारी सकाळच्या बसने नागपूरला जातोय, काकांच्या सुनेशी बोलणं झालंय. मूळ पत्र देणार, फोटो माझ्याकडे ठेवले.

जायच्या आधी एक सांगायचं आहे. पुसदच्या दादांनी सांगितलं तसे सावलीत फोटो काढत होतो तेव्हा त्या शेवटच्या इनलँडची आतली घडी पूर्ण उघडली, त्या बाजूला मी आधी पाहिलंच नव्हतं. पेन्सिलने बारीक हिशोब आहे. "१४ क्विंटल. फेब्रुवारीत आलेला भाव सोडला. आता चारशे कमी. थांबलो."

मग मला तो उन्हाळा आठवला. समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस होता, आम्ही सगळे मागच्या पडवीत झोपायचो, कापसाच्या खाजेने माझे हातपाय लाल झाले होते आणि मी रोज कटकट करायचो की बाबा विकून टाका ना एकदाचा. ते काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं भाव वाढेल म्हणून हट्टाने बसलेत. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, पेपर रोज वाचायचो, निर्यातबंदीची बातमीही वाचली असणार, पण आमच्या समोरच्या खोलीचा आणि त्या बातमीचा संबंध मला लागला नाही. आणि बाबा एवढं सगळं जाणणारे, १८६५ पासूनचं तोंडपाठ असणारे, त्यांनीही काका सांगायचे तसा बाजारावर भरोसा ठेवून माल थांबवला होता, बहुतेक पहिल्यांदाच.

तो कापूस मीच विकला, मे महिन्यात, तेरवी झाल्यावर. भाव काय मिळाला ते आता आठवत नाही, काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, याच पेटीत कुठेतरी असेल, ती शोधून रविवारी सोबत नेतो. काका विचारतील.